मदत हवी आहे: बडोद्यातल्या मंडळीत रुळायचं कसं?

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). ह्यांच्या बदलीमुळे बडोद्यात आलो. फतेहगंजला घराजवळच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जातो. उपासना गुजरातीत. लोक वाईट नाहीत हो, पण उपासना संपली की अंगणात घोळके होतात, 'केम छो' म्हणतात आणि आपापल्या माणसांत वळतात. आम्ही चपला शोधत उभे!

जास्त त्रास सासूबाईंना. नगरला महिला मंडळात पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग त्याच सुरू करायच्या. इथे गुजराती गीतांचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवतात, चाल ओळखीची निघाली तर गुणगुणतात, एवढंच.

बडोदेकरांनो, दांडिया बाजार, मांजलपूर भागात घरोघरी मराठी प्रार्थना होते का? नाताळपुरती नको, दर आठवड्याची.

दुसरं, १९७० साली वेगवेगळे ख्रिस्ती पंथ मिळून सीएनआय झालं तेव्हा इकडचे मेथडिस्ट त्यात आले नव्हते. मग नगरच्या पाळकांचा सभासदत्वाचा दाखला इथे चालतो, की नव्याने नाव घालावं लागतं? मला वाटतं, नाव नोंदल्याशिवाय आपण पाहुणेच. की आधी गायनवृंदात शिरावं? गुजराती वाचता येत नाही, आवाज मात्र बरा आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.