प्रतिसाद: ट्रेंचीनचा किल्ला आणि रोमन

वर कुणीतरी लिहिलंय की रोमन लोक डॅन्यूब नदीच्या पलीकडे कधी राहिलेच नाहीत, त्यामुळे स्लोव्हाकियातल्या ट्रेंचीन शहराचा इतिहास किल्ल्यापासूनच सुरू होतो. थोडं थांबा राव. त्याच किल्ल्याच्या खडकावर, अगदी पायथ्याशी, लॅटिन शिलालेख कोरलाय, इ.स. १७९-८० च्या हिवाळ्यातला, म्हणजे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचं क्वादी या जर्मानिक टोळ्यांशी युद्ध चाललेलं तेव्हाचा. मजकूर छोटासाच आहे, सम्राटांच्या विजयाला अर्पण, लाउगारिचिओत (म्हणजे ट्रेंचीनचं रोमन नाव) तळ ठोकून बसलेलं सैन्य, दुसऱ्या लीजनचे (रोमन सैन्याची मोठी तुकडी) ८५५ शिपाई. पन्नासाची गोळाबेरीज नाही हं, शेवटचे पाचसुद्धा मोजलेत, मला तर हीच गोष्ट जाम आवडते, कुणीतरी थंडीत काकडत हजेरी घेतली असणार!

आता गंमत बघा, खाली सेनापतीचं नाव झिजलेलं, नीट लागत नव्हतं, आणि त्याचा उलगडा झाला कुठे तर थेट अल्जीरियात. तिथे झाना गावात मार्कस वालेरियस मॅक्सिमियानस याची सगळी कारकीर्द सांगणारा लेख सापडला, त्यात लाउगारिचिओतल्या हिवाळी तुकड्यांचा उल्लेख आहे. दोन खंडांतले दोन दगड एकमेकांना साक्षीदार, अजून काय पाहिजे?

बाकी कायमची वस्ती नव्हती हे मात्र बरोबर, सरहद्द डॅन्यूबच राहिली. आणि शिलालेख बघायला गेलात तर किल्ल्यावर शोधत बसू नका, पायथ्याच्या हॉटेलात मागच्या बाजूला खिडकी आहे, तिथून दिसतो.