विषय: वीस सामने मोठे की अटलांटिक सिटीतला एक आठवडा?

प्रेषक: हॅम्डेनकर
रविवार, 16 मार्च 2025

मंडळी,

काल रात्री कॉलेज बास्केटबॉलच्या आपल्या मॅक लीगच्या फायनलला माउंट सेंट मेरीजने आयोनाला 63-49 असं लोळवून मार्च मॅडनेसचं, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचं, तिकीट नेलं. माउंटचं मनापासून अभिनंदन. त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. लेक इथे हॅम्डेनच्या क्विनिपिॲक कॉलेजात शिकते, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

नोव्हेंबर ते मार्च मोसम चालतो. प्रत्येक संघ लीगचे वीस सामने खेळतो. बफेलोच्या बाजूला नायगारा आणि कॅनिशियस, तिकडे ऑल्बनीजवळ सिएना. बर्फातून बस हाकत जायचं, खेळायचं, रात्रीच परतायचं. त्यात क्विनिपिॲकने 15 जिंकले, 5 हरले, टेबलात पहिला नंबर. गेल्या वर्षीही तेच, 15-5 आणि पहिला नंबर. दोन्ही वर्षं लीगच्या शेवटी होणाऱ्या बाद स्पर्धेत, अटलांटिक सिटीला, एक संध्याकाळ वाईट गेली आणि सगळं मुसळ केरात. क्विनिपिॲकच्या पुरुष संघाने मार्च मॅडनेसचं तोंड आजवर पाहिलेलं नाही.

आणि माउंट? सहावं मानांकन! टेबलात सहावा आलेला संघ ड्यूकसारख्यांच्या पंगतीला, आणि पहिला आलेला घरी. मग वीस सामने खेळायचे तरी कशाला? सरळ मार्चमध्ये भेटू, चिठ्ठ्या टाकू.

— हॅम्डेनकर

प्रेषक: जर्सी सिटीकर
रविवार, 16 मार्च 2025

हॅम्डेनकर, दुःख कळतं, पण चिठ्ठ्या टाकल्या म्हणू नका. तीन सामने जिंकून दाखवलेत त्यांनी.

नवीन मंडळींसाठी: मॅक म्हणजे मेट्रो अटलांटिक. तेरा छोटी कॉलेजं, बहुतेक कॅथलिक, फुटबॉलचा पैसा नाही. मोठ्या लीगमधून सात-आठ, यंदा तर एका लीगमधून चौदा संघ जातात. आपल्याकडे एकच तिकीट, तेही अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमध्ये जो शेवटी उभा राहील त्याला.

आता 2022 आठवा. आमचे मोर, म्हणजे सेंट पीटर्स, टेबलात 14-6, दुसरे. पहिला होता आयोना, 17-3, नामवंत प्रशिक्षक रिक पिटिनोंचा संघ. टेबलात पहिला त्यालाच तिकीट हा तुमचा नियम लावला असता तर पिटिनो गेले असते आणि सेंट पीटर्सचं नाव कुणाला कळलंही नसतं. त्याऐवजी काय झालं? केंटकीला ओव्हरटाइममध्ये 85-79. मरे स्टेटला 70-60. पर्ड्यूला 67-64. राष्ट्रीय स्पर्धेत पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठात, याआधी कधीच झालं नव्हतं.

केंटकीच्या सामन्याच्या संध्याकाळी मी न्यूअर्क ॲव्हेन्यूवर किराणा घेत होतो. डॅरिल बँक्सचे 27 पॉइंट, बेंचवरून आलेल्या त्या मिशीवाल्या डग एडर्टचे 20. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी फोन तुरीच्या डाळीच्या पाकिटाला टेकवून ठेवला होता. ओव्हरटाइम सुरू झाला तसा त्यांनी हिशोबच थांबवला. रांगेत सात-आठ माणसं, सगळी भारतीय, त्यातल्या निम्म्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एक बाई हातात कोथिंबिरीची जुडी धरून विचारत होत्या, "आपला कुठला?" रंग दोघांचाही निळाच, काय सांगणार! कुणीही रांग सोडली नाही.

कॉलेज केनेडी बुलेव्हार्डवर आहे, आपल्या मंडळाचे निम्मे लोक रोज त्यावरून जातात. त्याआधी किती जण आत गेले होते, हात वर करा.

— जर्सी सिटीकर

प्रेषक: न्यू रोशेलच्या काकू
सोमवार, 17 मार्च 2025

हात वर. पण मी आयोनाकडून आले होते, पाहुण्यांच्या बाजूला बसले होते.

जर्सी सिटीकर, तुमच्या मोरांचं कौतुक आहेच, पण ते 17-3 तुम्ही फार सहज लिहून पुढे गेलात हो. त्या वर्षी आम्ही उपांत्यपूर्व फेरीत नवव्या मानांकनाच्या रायडरकडून हरलो, 71-70. एका पॉइंटने! लीगच्या वीस सामन्यांत तीनच हरलो, आणि चौथ्याने खेळ खलास. मला अजून ती संध्याकाळ पचलेली नाही, आणि परवा फायनलला येऊन फक्त 49 पॉइंट. 49! मैदानावर होते तरी का आमचे?

तरीही मी स्पर्धेच्या बाजूने आहे. ऐका का ते. 2012 मध्ये आयोना मॅकची स्पर्धा जिंकला नव्हता, तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड समितीने मोसम बघून बोलावलं. त्याच वर्षी लॉयोलाही गेला, म्हणजे मॅकचे दोन. असं आपल्या नशिबी क्वचित येतं. काय केलं आमच्या लोकांनी? बीवाययू, म्हणजे ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीविरुद्ध पहिल्या हाफमध्ये 25 पॉइंटने पुढे गेले आणि 78-72 हरले. मोसमभराची पुण्याई त्या रात्री कामाला आली नाही. ज्याला बाद सामन्याच्या ताणात हात थरथरू न देता बॉल टाकता येतो, त्यानेच पुढे जावं. आमच्यांना येत नाही, तर नको.

(यजमानांचं म्हणणं आहे की मी फार कठोर आहे. ते फायनल बघता बघता झोपले होते.)

— काकू

प्रेषक: एडिसनचा नागपूरकर
सोमवार, 17 मार्च 2025

मला बास्केटबॉल फारसं समजत नाही, पण वाद समजला. दोनच आठवडे झाले, आमच्या विदर्भाने रणजी करंडक जिंकला. गटात पहिला, उपांत्य फेरीत मुंबईला हरवलं, फायनल केरळशी अनिर्णित, पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक. हर्ष दुबेच्या 69 विकेटी, रणजीच्या एका मोसमातला विक्रम! म्हणजे टेबलातही आम्हीच आणि शेवटीही आम्हीच. ज्याला पहिला नंबर टिकवायचा असतो तो टिकवतो, बाप्पा.

मुंबईकरांनी उत्तर द्यायची गरज नाही.

— नागपूरकर

प्रेषक: हॅम्डेनकर
सोमवार, 17 मार्च 2025

नागपूरकर, अभिनंदन, पण रणजीचा बाद सामना पाच दिवस चालतो. इथे चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत समोरच्याचे चार थ्री-पॉइंटर लागोपाठ पडले की पाच महिन्यांचं टेबल रद्दी.

काकू, मी स्पर्धा बंद करा म्हणत नाहीये. पहिला आल्याचा काही फायदा द्या एवढंच म्हणतोय. यंदाची रचना बघा. दहा संघ अटलांटिक सिटीला, सातवा ते दहावा पहिली फेरी खेळतात, पहिल्या सहांना ती माफ. म्हणजे क्विनिपिॲकलाही तीन सामने आणि माउंटलाही तीन. पहिल्याला आणि सहाव्याला सवलत एकच! एनईसी आणि पेट्रियट या आपल्यासारख्याच छोट्या लीगमध्ये वरच्या मानांकनाच्या घरच्या कोर्टावर सामने होतात. ते केलं तरी पुरे. हॅम्डेनच्या हॉलमध्ये आपली पोरं, आपला बँड, आणि समोरचा बसमधून उतरलेला. आयव्ही लीग तर 2017 पर्यंत स्पर्धाच घेत नव्हती, टेबलात पहिला आला की चालला. प्रिन्स्टन जंक्शनवाल्यांना आठवत असेल.

आणि पूर्वी निदान दुधाची तहान ताकावर भागायची. टेबलात पहिल्या आलेल्याला एनआयटी या दुय्यम स्पर्धेत हक्काची जागा होती. 2022 मध्ये काकूंचा आयोना तिथे खेळला, फ्लोरिडाकडून हरला, पण खेळला. 2024 ला एनआयटीने तो हक्क काढून मोठ्या लीगच्या उरल्यासुरल्या संघांना जागा राखून ठेवल्या. छोट्यांच्या ताटातलं काढून मोठ्यांना.

— हॅम्डेनकर

प्रेषक: फेअरफिल्डची ताई
मंगळवार, 18 मार्च 2025

दोन दिवस वाचतेय. एकाही दादाने, काकाने, काकूनेही (काकू!) बायकांच्या मॅकचा उल्लेख केलेला नाही.

फेअरफिल्डच्या मुली गेल्या मोसमात लीगमध्ये 20-0 होत्या. वीसपैकी वीस. मग स्पर्धाही जिंकल्या. पहिला नंबर कसा टिकवायचा ते नागपूरहून आणायची गरज नव्हती, इथेच पंचेचाळीस मिनिटांवर होतं. आणि हॅम्डेनकर, तुमच्या क्विनिपिॲकच्या मुली 2017 मध्ये बाराव्या मानांकनाने शेवटच्या सोळात गेल्या होत्या. त्याआधी 2007 मध्ये मॅरिस्टच्या मुली, तेराव्या मानांकनाने. "क्विनिपिॲकने तोंड पाहिलेलं नाही" असं परत लिहिताना "पुरुष संघाने" हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा.

पैशाचंही ऐका. पुरुषांच्या स्पर्धेत संघ जितके सामने खेळतो, फायनल सोडून, तितके हिस्से त्याच्या लीगला मिळतात. एक हिस्सा म्हणजे सहा वर्षांत मिळून साधारण वीस लाख डॉलर. मोरांनी 2022 मध्ये चार सामने खेळले, म्हणजे चार हिस्से, आणि ते सगळ्या मॅकच्या तिजोरीत. बायकांच्या स्पर्धेसाठी असे हिस्से यंदापासून, 2025 पासून, सुरू झाले. त्याआधी कितीही जिंका, शून्य.

— ताई

प्रेषक: न्यू रोशेलच्या काकू
मंगळवार, 18 मार्च 2025

ताई, कान पकडते. पुढच्या मोसमात फेअरफिल्डला येते, तिकीट तुझ्याकडून.

— काकू

प्रेषक: मंडळाचे चिटणीस
बुधवार, 19 मार्च 2025

सर्वांना नम्र विनंती: पाडव्याच्या जेवणाच्या नोंदणीची ईमेल या धाग्याखाली गाडली गेली आहे. 30 तारखेला किती श्रीखंड सांगायचं ते शनिवारपर्यंत ठरवायचं आहे. चर्चा चालू ठेवा, पण आधी नोंदणी करा. काकू, तुमची आली. हॅम्डेनकर, तुमची नाही.

प्रेषक: जर्सी सिटीकर
शुक्रवार, 21 मार्च 2025, रात्री उशिरा

माउंट बुधवारी डेटनला, राष्ट्रीय स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेरीत, अमेरिकन युनिव्हर्सिटीला 83-72 हरवून आले. मॅकमध्ये सहावे असोत की राष्ट्रीय स्पर्धेत सोळावे, एक सामना जिंकले, म्हणजे मॅकच्या खात्यात जादा हिस्सा. हॅम्डेनकर, त्यातला तुकडा क्विनिपिॲकलाही येईल, थोडं बरं वाटून घ्या. आज ड्यूकने 93-49 मारलं. आयोनाच्या 49 ना सोबत मिळाली, काकू.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तुम्ही सगळे तिकीट कुणाला मिळावं यावर भांडताय. मी 2022 नंतर बघितलंय तिकीट मिळाल्यावर काय होतं ते.

मोरांचे प्रशिक्षक शाहीन हॉलोवे काही दिवसांत सेटन हॉलला गेले. त्यांचं स्वतःचं कॉलेज, चूक कशी म्हणू? खेळाडूंपैकी केसी एनडेफो त्यांच्या मागोमाग. बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. एडर्ट ब्रायंटला. द्रामे जुळे दोघंही ला सालला. मॅथ्यू ली मिझुरी स्टेटला. पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडलं आणि घर रिकामं झालं. पुढच्या मोसमात मी त्याच हॉलमध्ये, त्याच बाकावर बसलो होतो. भिंतीवर त्यातल्या चौघांचे मोठे फोटो आणि कोर्टावर त्यांच्यातलं कुणी नाही. शेजारचा पोरगा बापाला विचारत होता, एडर्ट कधी उतरणार म्हणून. त्या मोसमात 14 जिंकले, 18 हरले.

2024 ला मोरांचे पुढचे प्रशिक्षक बशीर मेसन यांनी पुन्हा पाचव्या मानांकनावरून तिकीट आणलं, फेअरफिल्डच्या पोरांना फायनलला 68-63 हरवून. टेनेसीने 83-49 चोपलं. परत 49, हा काय शाप आहे मॅकला? त्यानंतर पुन्हा जुळवाजुळव.

आता नियम असा की पोरगा दरवर्षी कॉलेज बदलू शकतो, वर मोठी कॉलेजं पैसे लावतात. चांगला खेळला की गेला. टेबलात पहिला आलेला संघ पाठवा नाहीतर सहावा, एप्रिलमध्ये दोघांचीही पोरं उचलली जाणार. क्विनिपिॲकची यंदाची पोरं पुढच्या वर्षी किती उरतात बघा आणि मग मला सांगा वीस सामन्यांच्या टेबलाचं काय करायचं.

— जर्सी सिटीकर

प्रेषक: हॅम्डेनकर
शनिवार, 22 मार्च 2025

तुमचं पोर्टलचं म्हणणं मान्य, पण त्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. ही पोरं एकत्र एकच मोसम असणार असतील, तर त्या मोसमात सर्वांत जास्त जिंकणाऱ्यांना त्याच मोसमात संधी मिळायला हवी. "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला पुढच्या वर्षी तो संघच नसतो. पंधरा सामने जिंकलेला हा गट परत कधी जमणार नाही, आणि त्यांच्या वाट्याला आलेली शेवटची आठवण अटलांटिक सिटीचं पार्किंग.

श्रीखंड चार जणांचं. नोंदणी केली.

— हॅम्डेनकर

प्रेषक: न्यू रोशेलच्या काकू
बुधवार, 26 मार्च 2025

सेंट फ्रान्सिसचं वाचलंत का? पेनसिल्व्हेनियाचं, एनईसीमधलं. याच महिन्यात त्यांच्या लीगची स्पर्धा जिंकून डेटनला गेले, अलाबामा स्टेटकडून 70-68 हरले, शेवटच्या सेकंदाला पूर्ण कोर्ट लांबीचा बॉल फेकून केलेल्या बास्केटवर. काल कॉलेजने जाहीर केलं, डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर, सोडतोय, डिव्हिजन थ्रीत जाणार. पोर्टल आणि पैशाचं नवं गणित त्यांना झेपत नाही. तिकीट मिळून जेमतेम दोन आठवडे झाले तोवर!

आमच्या आयोनानेही फायनलपर्यंत नेलेल्या प्रशिक्षक टोबिन अँडरसनना काढून टाकलं. हेच अँडरसन 2023 मध्ये टीनेकच्या एफडीयूला (फेअरली डिकिन्सन युनिव्हर्सिटी) घेऊन पर्ड्यूला हरवून आले होते, सोळाव्या मानांकनाने. आणि तेव्हा एफडीयू एनईसीची फायनल हरलं होतं, बरं का! जिंकलेलं मेरिमॅक नुकतं डिव्हिजन वनमध्ये आलं होतं म्हणून अपात्र, त्यामुळे हरलेल्यांना तिकीट. हॅम्डेनकर, तुमच्या टेबलाच्या नियमात हे कुठे बसवता ते सांगा.

पाडव्याला समोरासमोर बोलू. मी पुरणपोळ्यांच्या टेबलाशी असेन.

— काकू

प्रेषक: हॅम्डेनकर
बुधवार, 26 मार्च 2025

सोपं आहे. त्या वर्षी एनईसीच्या टेबलात पहिलं कोण होतं? मेरिमॅकच. आणि एफडीयू दुसरं. पहिला अपात्र तर दुसऱ्याला पाठवा. फायनलच घेतली नसती तरी एफडीयूच गेलं असतं.

येतो पुरणपोळ्यांकडे.

— हॅम्डेनकर