दोन वर्षांत ‘सीनियर’: पाटी घ्यावी की नाकारावी?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

तिसरं_गेट

बेळगावच्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत एप्रिलमध्ये एक ठरलेला सौदा होतो. पोरगं पगारवाढ मागतं, मालक हात आखडता घेतात आणि तोडगा म्हणून पत्रावर ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर’ छापून देतात. पुढच्या एप्रिलला ‘टेक लीड’. हाताखाली कोण? एक इंटर्न, तोही शेवटच्या सेमिस्टरचा, जूनमध्ये जाणारा. माझं मत असं की पगार आणि कामाची व्याप्ती वाढल्याशिवाय ही पाटी घेऊच नये.

पदनाम कुठल्या शिडीवरचं आहे त्यावर त्याची किंमत. गूगलमध्ये नवा पदवीधर एल३ (लेव्हल ३) वर लागतो आणि ‘सीनियर’ हा शब्द एल५ ला येतो. ॲमेझॉनमध्ये डेव्हलपरची सुरुवातच एल४ ला, म्हणून तिथला एल६, म्हणजे एसडीई (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनियर) ३, साधारण गूगलच्या एल५ च्या रांगेत बसतो. टीसीएसमध्ये असिस्टंट सिस्टम इंजिनियर, मग सिस्टम इंजिनियर, मग आयटी ॲनालिस्ट. तिथं त्या पायऱ्यांवर ‘सीनियर’ शब्द नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

आता दोन वर्षांचा ‘सीनियर’ पुण्याला मुलाखतीला जातो. त्या जागेला सिस्टम डिझाइनची फेरी असते. प्रश्न साधा: २ कोटी ओळींचं टेबल आहे, व्यवहार चालू आहेत, त्यात एक नवीन अनिवार्य कॉलम आणि त्यावर इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणूनची सूची) हवा. काय कराल? आधी कॉलम रिकामा चालेल असा घालायचा. मग त्यात लिहिणारा नवा कोड सोडायचा. जुन्या ओळी ५-१० हजारांच्या तुकड्यांनी भरायच्या, सगळं भरल्यावर अनिवार्यतेची अट लावायची, आणि पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर इंडेक्स ‘कन्करंटली’ने, म्हणजे लिहिणं न थांबवता, करायचा. साधा ‘क्रिएट इंडेक्स’ मारला तर तो पुरा होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं थांबतं. ‘कन्करंटली’ मध्येच फसलं तर अवैध इंडेक्स मागं राहतो, तो काढून पुन्हा करावा लागतो. हे ज्याच्या हातून झालंय तो सीनियर. जो ‘ऑल्टर टेबल करीन’ (टेबल बदलायची एक आज्ञा) एवढंच म्हणून गप्प बसतो त्याला एसडीई १ ची ऑफर येते, किंवा तीही नाही, कारण ज्युनियरच्या जागेला त्याची पाटीच आड येते.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथं जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, मायक्रोमीटर लावतात, टर्नरच्या ओळखपत्राला नव्हे.

आणि पत्राचं दुसरं पान कुणी वाचत नाही. नव्या पदनामाबरोबर नोटीस ३० दिवसांची ९० होते. वाढ हजाराची, बेडी तीन महिन्यांची.

नोटीस_९०

सोडा की ओ! पाटी नाकारली म्हणून त्या पोराला पैसे मिळाले का? नाही. म्हणजे हातात काहीच नाही. तुम्ही मुलाखतीतलं सांगताय, पण मुलाखतीपर्यंत पोचायचं कसं ते सांगा.

भरती करणारा नोकरी डॉट कॉमवर बसतो तेव्हा आधी चाळण लावतो: पदनाम, एकूण वर्षं, कौशल्यं, सध्याचा पगार, नोटीस, गाव. एका जागेला शेकड्यांनी अर्ज. ज्याच्या नावापुढं तीन वर्षं झाली तरी ‘ट्रेनी’ आहे, त्याचा रेझ्युमे कुणी उघडत नाही. फुगवलेल्या पदनामापेक्षा पडलेलं पदनाम जास्त घात करतं. आपल्याकडं तर ‘एक्झिक्युटिव्ह आयटी’, ‘सिस्टम ॲडमिन’, ‘सॉफ्टवेअर असोसिएट’ असली नावं देतात. माणूस दिवसभर जावा लिहितोय, पण कागदावर प्रिंटर दुरुस्त करणारा दिसतो! अशा वेळी ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर’ मिळत असेल तर दोन्ही हातांनी घ्यावं.

नोटिशीचं मात्र बरोबर आहे. ९० दिवस म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या चाळणीतून नाव आपोआप गळतं. सही करायच्या आधी ‘पगाराएवढी रक्कम भरून लवकर मोकळं होता येईल’ हे वाक्य घालून घ्या. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असं असेल तर ते खोडायला सांगा.

लग्नाच्या बायोडेटाचा विषय मी काढत नाही. तिथं ‘सीनियर’चा भाव वेगळाच.

मच्छे_बसस्टॉप

दोघंही एक गोष्ट विसरताय: पडताळणी. ऑफर आल्यावर त्रयस्थ एजन्सी जुन्या कंपनीला विचारते. पदनाम काय, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पुन्हा घ्याल का. रेझ्युमेत ‘लीड’ आणि रिलीव्हिंग लेटरवर ‘इंजिनियर’ असं निघालं तर खुलासा मागतात, कधी ऑफर परत घेतात. पगारवाढीच्या पत्रात नवं पदनाम आलं, पण वेतनपत्रावर जुनंच छापलं जातंय, हा घोळ लहान कंपन्यांत फार. पदनाम बदललं की पुढच्याच महिन्याचं वेतनपत्र बघा आणि तिथंच दुरुस्त करून घ्या. चार वर्षांनी एचआर बदललेला असतो.

पीएफच्या नोंदीत तुमचं पदनाम नसतं, कंपनी आणि तारखा असतात. फॉर्म १६ वरही नसतं. तिथं जे पदनाम दिसतं ते सही करणाऱ्याचं. मग पदाचा पुरावा उरला फक्त कंपनीची पत्रं आणि वेतनपत्रं. त्यात २० पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला पीएफ सक्तीचा नाही, म्हणजे तारखांचा पुरावाही सरकारकडं नाही. पगार करपात्र मर्यादेखाली असेल तर टीडीएस नाही, म्हणजे २६एएस (कापलेल्या कराचा सरकारी उतारा) कोरं. राहिलं काय? बँकेत जमा झालेला पगार. रोखीनं घेत असाल तर आजच बंद करा.

रेझ्युमेत अधिकृत पदनाम जसंच्या तसं लिहा आणि पुढं स्वल्पविराम देऊन काम लिहा: ‘सिस्टम ॲडमिन, काम जावा बॅकएंडचं’. एजन्सीला पहिला भाग जुळतो, भरती करणाऱ्याला दुसरा सापडतो.

बारा_खुर्च्या

मालकाच्या बाजूनं कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलतो.

‘लीड’ हे नाव आम्ही पोराला खूश करायला देत नाही. परदेशी क्लायंटशी करार तासाच्या दरावर असतो आणि दरपत्रकात पदांप्रमाणे ओळी असतात: डेव्हलपर, सीनियर, लीड. कॉलवर लीड हवा ही क्लायंटची अट. मोठ्या सेवा कंपन्या हेच करतात, फक्त त्यांच्याकडं मनोरा मोठा, खाली फ्रेशर भरून सरासरी खर्च उतरवता येतो. १२ माणसांत मनोरा कुठला करायचा?

आणि दुसरं. इथला दोन वर्षांचा पोरगा क्लायंटशी बोलतो, गरज लिहून काढतो, कोड लिहितो, सर्व्हरवर चढवतो, रात्री पडलं तर उठून बघतो. बेंगळुरात तेवढ्याच वर्षांचा एका पानावरची दोन बटणं सांभाळत असतो. मग सीनियर कोण? गूगलच्या शिडीनं आमचं अंगण मोजू नका ओ.

तिसरं_गेट

दरपत्रकाचा मुद्दा खरा आहे, आणि तोच तुमच्यावर उलटतो. पाटीमुळं तासाचा दर चढला, तर त्या चढीतला वाटा पोराच्या पगारात का नाही? दरपत्रक त्याला दाखवू नका, पण वाढ तरी त्या प्रमाणात ठेवा.

सगळं करतो म्हणून सीनियर, हे मात्र पटत नाही. रुंदी आणि खोली वेगळी. सर्व्हरवर चढवतो, ठीक. बॅकअप घेतो, ठीक. तो बॅकअप कोऱ्या मशिनवर परत उभा करून कधी बघितला? किती मिनिटं लागली, किती वेळचा डेटा गेला, हे आकडे कुठं लिहिलेत? पेमेंटचा कॉल मध्येच तुटला आणि ॲपनं पुन्हा पाठवला तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा जातात का? प्रत्येक व्यवहाराला वेगळी किल्ली (ओळख क्रमांक) देऊन तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर जुनंच उत्तर परत द्यायचं, एवढं घातलंय का? लहान कंपनीत चुका दाखवायला वरचा माणूस नसतो. पोरगं पाच वर्षं तीच चूक सफाईनं करत राहतं. हा दोष त्याचा नाही, पण मुलाखतीत भरतो तोच.

बारा_खुर्च्या

वरचा माणूस ठेवायचा म्हटलं तर तो पुण्याचा पगार मागतो.

तिसरं_गेट

रोज नको. आठवड्याला दोन तासांचा कोड रिव्ह्यू बाहेरून घ्या. ‘लीड’ची व्हिजिटिंग कार्डं छापण्यापेक्षा ते कामाचं.

निपाणी_नाका

बाहेर जायचा विचार असणाऱ्यांनी ही सगळी भांडणं बाजूला ठेवा. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायम वास्तव्याच्या अर्जाची पद्धत) पदनामापेक्षा केलेली कामं बघतात. सॉफ्टवेअर इंजिनियर आणि डिझायनरचा एनओसी कोड (कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतला क्रमांक) २१२३१, डेव्हलपर आणि प्रोग्रामरचा २१२३२, संगणक विभागाच्या मॅनेजरचा २००१२. कंपनीनं ‘मॅनेजर’ म्हटलं म्हणून पोरं २००१२ भरतात आणि पत्रात कामं लिहिलेली असतात कोडिंगची. अर्ज तिथंच फसतो. पत्र लेटरहेडवर हवं. त्यात पदनाम, कालावधी, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार, मुख्य कामं आणि सही करणाऱ्याचा संपर्क हवा. कामं सरकारी संकेतस्थळावरून जशीच्या तशी उतरवू नका, तपासणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.

तिथं ‘इंजिनियर’ शब्दही जपून वापरावा लागतो. अभियंता हे पद प्रांतांच्या कायद्यानं राखीव आहे. अल्बर्टात यावरून कोर्टकचेरी झाली आणि २०२३ मध्ये तिथं कायदा बदलून ‘सॉफ्टवेअर इंजिनियर’ला मोकळीक दिली. सगळ्या प्रांतांत तसं नाही. रेझ्युमेत ‘डेव्हलपर’ लिहिलं तर कुणाचं काही म्हणणं नसतं.

अमेरिकेच्या ईबी-२ (ग्रीन कार्डचा एक वर्ग) ला मास्टर्स नसेल तर बॅचलरनंतर पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो. तिथं मात्र बढतीचं पत्र उपयोगी पडतं, पण ‘सीनियर झाला’ एवढ्यानं भागत नाही. जबाबदारी कशी वाढली तेही लिहिलेलं हवं. म्हणजे तिसरं गेट म्हणतात ती व्याप्ती आणि नोटीस ९० म्हणतात ती पाटी, दोन्ही एकाच कागदावर पाहिजेत.

फौंड्री_शिफ्ट

‘मॅनेजर’ पदाबद्दल एक भीती घातली जाते: मॅनेजर झालास, आता कामगार कायदा तुला नाही. तसं नव्हे ओ. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असो की त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता, कामगार कोण हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय यावरून ठरतं. सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. रजा मंजूर करायचा, माणूस घ्यायचा-काढायचा अधिकार नसेल तर दारावर ‘मॅनेजर’ लिहून काही होत नाही.

आणि बारा खुर्च्या, १० माणसं झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. कायम नोकरीत पाच वर्षांनंतर शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता (बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग यात धरून) गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. मूळ २०,००० आणि सहा वर्षं असतील तर सुमारे ६९,२३० रुपये. यात ‘लीड’ला एक पैसा जास्त नाही. म्हणून एप्रिलमध्ये भांडायचं असेल तर मूळ पगारावर भांडावं. भत्ते वाढवून दिलेली वाढ दिसते मोठी.

नोटीस_९०

हे मान्य. पण मूळ पगारावर भांडायला बाहेरची ऑफर हातात लागते, आणि बाहेरची ऑफर यायला पाटी लागते. फिरून तिथंच आलो की!

तिसरं_गेट

बरं, थोडं मागं येतो. पाटी घ्या, पण कोरी घेऊ नका. ज्या पत्रात पदनाम देतात त्याच पत्रात चार ओळी मागा: कुठलं मॉड्यूल तुमच्या जबाबदारीवर, किती जणांचा कोड तुम्ही तपासता, पडलं तर पहिला फोन कुणाला, आणि कुठल्या तारखेपासून. नोटीस जुनीच राहील हेही त्यातच. अशा पत्राला खर्च शून्य, म्हणून मालक सहसा नाही म्हणत नाहीत. नाहीच म्हटलं तर ई-मेलवर ‘आजच्या बोलण्याप्रमाणे माझ्याकडं अमुक जबाबदारी आली’ असं लिहून पाठवा आणि त्यांच्या ‘ओके’ची प्रत घरच्या खात्यात ठेवा. क्लायंटचं नाव किंवा कोड मात्र त्यात नको, नाहीतर गोपनीयतेच्या कलमात अडकाल.

बारा_खुर्च्या

चार ओळी देईन. नोटीस ६० वर आणतो, ३० जमणार नाही. एक माणूस गेला की आमच्या १२ पैकी एक खुर्ची मोकळी होते, आणि जून लागेपर्यंत इथं नवा कुणी मिळत नाही.

मच्छे_बसस्टॉप

मग पत्र एप्रिलमध्येच सही करून द्या, तारीखही तीच घाला. मेमध्ये सही करून ‘१ एप्रिलपासून’ लिहिलेली पत्रं वेतनपत्राशी जुळत नाहीत.