१९७५चे सिनसिनाटी रेड्स: २०-२० वरून १०८-५४ कसे झाले?

स्कोअरशीट

मंडळी, फासे आणि खेळाडूंची कार्डं घेऊन १९७५चा अमेरिकी बेसबॉलच्या नॅशनल लीगचा सीझन पुन्हा खेळवतोय. खऱ्या सीझनमध्ये रेड्सनी १०८ जिंकले, ५४ हरले, लॉस एंजेलिस डॉजर्सना २० सामने मागे टाकलं आणि ७ सप्टेंबरलाच वेस्ट डिव्हिजन खिशात घातली. माझ्या टेबलावर मात्र हाच संघ ९५-९६ विजयांच्या पुढे सरकायला तयार नाही.

तीन गोष्टींचा उलगडा होत नाहीये.

१. मे महिन्यात पीट रोझला लेफ्ट फील्डमधून थर्ड बेसवर आणलं आणि सीझन फिरला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. एका माणसाची जागा बदलल्याने एवढा फरक पडतो?

२. एकाही पिचरच्या नावावर १५ पेक्षा जास्त विजय नाहीत. मग १०८ आले कुठून? मी पहिल्या तीन स्टार्टर्सना (सामना सुरू करणाऱ्या पिचर्सना) जमेल तितका वेळ ठेवतो आणि नेमके आठव्या-नवव्या इनिंगला रन जातात.

३. बेस चोरताना (पिचर बॉल टाकत असताना पुढच्या बेसकडे पळताना) माझे खेळाडू फार पकडले जातात. ग्रिफीचं कार्ड वेगवान आहे म्हणून त्याला मोकाट सोडलाय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डगआउट

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल दंतकथाच जास्त आहेत.

सीझन सुरू झाला तेव्हा थर्ड बेसवर जॉन व्हुकोविच होता. हात चांगले, बॅट नावालाच: सरासरी .२११ (म्हणजे हजार प्रयत्नांत २११ हिट). डॅन ड्रीसन १९७४ मध्ये तिथे खेळला होता, पण त्याची फील्डिंग मॅनेजर स्पार्की अँडरसनच्या पचनी पडेना. दुसरीकडे जॉर्ज फॉस्टरसारखा बॅटर जागेअभावी बेंचवर. म्हणजे अडचण थर्ड बेसची दिसत असली, तरी खरी हाव लेफ्ट फील्डच्या जागेची होती. रोझ थर्डला गेला की ती आपोआप मोकळी होत होती.

रोझला १९६६ मध्येही थर्डवर टाकून पाहिलं होतं. तेव्हा त्याला ते अजिबात रुचलं नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला. या वेळी अँडरसनने हुकूम न सोडता त्याला विचारलं. ३ मेपासून रोझ थर्डवर उभा राहिला, तेव्हा संघ १२-१२ होता. थर्ड-बेस कोच अ‍ॅलेक्स ग्रॅमसने त्याच्याकडून ग्राउंड बॉलचा भरपूर सराव करून घेतला. रेंज बेताची, पण डावीकडे शॉर्टस्टॉपला डेव्ह कन्सेप्सियॉन असल्यामुळे रोझ फाउल लाइनच्या जवळ उभा राहू शकत होता. मधली मोकळी जागा कन्सेप्सियॉन भरून काढायचा.

फॉस्टरने पुढे .३०० सरासरी, २३ होम रन आणि ७८ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन) केले. व्हुकोविचची बॅट जाऊन फॉस्टरची आली, तर उरलेल्या सीझनमध्ये माझ्या अंदाजाने ४०-५० रनांचा फरक. साधारण १० रनांना एक विजय धरला तर चार-पाच विजय. मोठी गोष्ट आहे, पण बारा-पंधरा विजयांचं गणित तिच्या एकटीच्या गळ्यात बांधू नका. बदलानंतरचे पहिले १६ सामने पाहा: ८ जिंकले, ८ हरले. २० मेला संघ २०-२० वरच रखडलेला होता. त्यानंतर मात्र ५० पैकी ४१ जिंकले आणि ऑल-स्टार ब्रेकला (सीझनच्या मधल्या सुट्टीला) ६१-२९ झाले.

टेबलावर करायचं ते असं: पहिले २४ सामने व्हुकोविच थर्डला आणि रोझ लेफ्टला, पंचविसाव्यापासून रोझ थर्डला आणि फॉस्टर लेफ्टला. बॅटिंग ऑर्डर रोझ, ग्रिफी, मॉर्गन, बेंच (कॅचर जॉनी बेंच), पेरेझ, फॉस्टर, कन्सेप्सियॉन, जेरोनिमो, पिचर. समोर डावखुरा पिचर असेल तर ग्रिफीला सातव्या जागी ढकलून मॉर्गनला दुसऱ्या क्रमांकावर आणून पाहा. वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात बोस्टनच्या डावखुऱ्या बिल लीसमोर हीच रचना होती.

बुलपेन_फोन

दुसरा प्रश्न. तुमचे रेड्स अडकतात ते बहुधा इथेच. पहिल्या तीन स्टार्टर्सना ताणणं हा डॉजर्सचा खेळ, रेड्सचा नव्हे.

आधी हिशेब मांडू. डॉन गलेट १५-४, गॅरी नोलन १५-९, जॅक बिलिंगहॅम १५-१०, फ्रेड नॉर्मन १२-४, पॅट डार्सी ११-५, क्ले कर्बी १०-६. दहा किंवा जास्त विजयांचे सहा जण, बेरीज ७८. बुलपेनमधून (बदली पिचर्समधून) पेड्रो बोरबोन ९, क्ले कॅरोल ७, रॉली ईस्टविक ५, विल मॅकेनेनी ५. शिवाय टॉम कॅरोलचे ४. झाले १०८.

आता कम्प्लीट गेम, म्हणजे स्टार्टरने एकट्याने संपवलेले सामने. अख्ख्या संघाचे २२. त्याच वर्षी यांकीजच्या कॅटफिश हंटरचे एकट्याचे ३०, डॉजर्सच्या अँडी मेसरस्मिथचे १९. रेड्सच्या २२ पैकी ८ गलेटचे, आणि गलेट तर जूनच्या मध्यावर लाइन ड्राइव्हने अंगठा मोडून दोन महिने बाहेर होता. एका टप्प्यावर सलग ४५ सामन्यांत रेड्सच्या एकाही स्टार्टरने सामना संपवला नाही. अँडरसनला ‘कॅप्टन हुक’ (पिचरला हुकने ओढून बाहेर काढणारा) म्हणायचे ते यामुळे.

हे टेबलावर आणताना तीन गोष्टी सांभाळा.

गलेटला जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत यादीतून काढाच. तो पूर्ण सीझन खेळला तर निकाल खोटा. त्याच्या जागी डार्सी आणि कर्बीचे स्टार्ट वाढतात.

स्टार्टर सहाव्या इनिंगनंतर थकलेला धरा. सातव्यात पहिला बॅटर बेसवर पोचला, की बदल. इथे कार्डाचा मोह आवरायला हवा. नोलनचं कार्ड फार देखणं दिसेल, कारण त्याने २१० इनिंगमध्ये फक्त २९ वॉक (चार चुकीच्या बॉलवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) दिले. पण खांद्याच्या दुखण्यामुळे आधीची जवळजवळ दोन वर्षं तो खेळलाच नव्हता, म्हणून त्याला जपून वापरायचे.

तिसरी गोष्ट पिंच-हिटरची, म्हणजे दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या बॅटरची. नॅशनल लीगमध्ये डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) नव्हता, पिचरला बॅटिंग करावीच लागे. त्यामुळे अँडरसनचा निर्णय बऱ्याचदा पिचरच्या थकव्यापेक्षा बॅटिंग ऑर्डर कुठवर आली आहे यावर ठरायचा. सामना बरोबरीत आहे, सातव्या इनिंगला सेकंड बेसवर रनर आहे आणि पिचरची पाळी आली: ड्रीसन, टेरी क्राउली किंवा मर्व्ह रेटेनमंड बॅट घेऊन येणार, पिचर गेला. चांगलं फेकत असला तरी गेला. तुम्ही स्टार्टरला आठव्यापर्यंत ठेवता तेव्हा दुहेरी तोटा होतो: एक फुकटचा आउट देता आणि वर दमलेला हात चौथ्यांदा त्याच बॅटर्ससमोर उभा करता.

ईस्टविक उजवा, मॅकेनेनी डावा. शेवटच्या दोन इनिंगला समोर कोण बॅटर येणार ते बघून दोघांपैकी एकाला आणायचं. सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) ईस्टविकचे २२, मॅकेनेनीचे १५, संघाचे ५०. बोरबोन आणि क्ले कॅरोल मधल्या इनिंगचे. बोरबोनने एकट्याने १२५ इनिंग टाकल्या. चौघांच्या मिळून सुमारे ४००. तुमच्या बुलपेनची बेरीज ३०० च्या आत राहत असेल, तर दोष फाशांचा नाही.

अवांतर: सेव्हचा नियम १९७५ मध्ये सैल झाला, तेव्हा ईस्टविकच्या २२ ची १९७४च्या आकड्यांशी तुलना करू नये.

चोरटा_बेस

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

पकडलं जाण्याचं नुकसान चोरीच्या फायद्याच्या साधारण दुप्पट असतं, कारण आउटही जातो आणि रनरही. म्हणून तीनातले दोन प्रयत्न यशस्वी झाले तर जेमतेम बरोबरी. रेड्सनी १६८ बेस चोरले, ३६ वेळा पकडले गेले, म्हणजे ८२ टक्के. गुपित वेगात नाही, कुणाला रोखून धरलं यात आहे.

मॉर्गन ६७ चोऱ्या, १० वेळा आउट. कन्सेप्सियॉन ३३ आणि ६. बेंच ११ पैकी ११: कॅचर पळेल असं पिचरला वाटत नाही, म्हणून निवडक क्षणीच. रोझने सीझनभर एकही बेस चोरला नाही. आणि ग्रिफी, तुमचा मोकाट सोडलेला, फक्त १६.

ग्रिफीला का आवरलं? त्याच्यामागे बॅटला मॉर्गन. आपण बॉलकडे बघत असताना समोर रनर हललेला मॉर्गनला खपत नसे. त्यात खेळाचंही कारण आहे. ग्रिफी फर्स्टवर असला की फर्स्ट बेसमनला बेसला चिकटून उभं राहावं लागतं, आणि फर्स्ट-सेकंडच्या मधली जागा मोठी होते. मॉर्गन डावखुरा, त्याचा ओढलेला बॉल बरोबर त्या फटीतून जातो. ग्रिफी सेकंडला पळाला की फट बुजली. वर फर्स्ट रिकामा झाल्यामुळे मॉर्गनला मुद्दाम वॉक देण्याची सोय. मॉर्गनला त्या वर्षी तसेही १३२ वॉक मिळाले होते (.३२७ सरासरी, बेसवर पोचण्याचं प्रमाण .४६६, लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे एमव्हीपी), आणखी कशाला द्यायचे?

तेव्हा नियम असा ठेवा: मॉर्गन बॅटवर असताना ग्रिफी जागेवर. मॉर्गन स्वतः फर्स्टवर आला की मोकळीक, मात्र चार किंवा जास्त रनांनी मागे असताना नाही. कन्सेप्सियॉनला दोन आउट असताना पळवा, मागे जेरोनिमो आणि पिचर असल्याने गमावण्यासारखं कमी असतं.

मैदानही लक्षात घ्या. रिव्हरफ्रंट स्टेडियमवर कृत्रिम टर्फ, माती फक्त माउंडवर, होम प्लेटपाशी आणि बेसभोवतीच्या चौकोनांत. पाय घसरत नाही, ग्राउंड बॉल झपकन आउटफील्डमध्ये जातो. लाइनवर ३३० फूट, मध्यभागी ४०४. होम रनसाठी विशेष सोपं नाही. घरी ६४-१७, बाहेर ४४-३७. तुमच्या खेळात टर्फचा पर्याय असेल तर तो चालू आहे ना, तेवढं पाहा.

आकडेमोड

वर डगआउट यांनी चार-पाच विजय म्हटलंय ते पटतं. माझी थोडी भर.

रेड्सनी ८४० रन केले, ५८६ दिले. केलेल्या रनांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, हे नेहमीचं सूत्र लावलं तर ७०५६०० भागिले १०४८९९६, म्हणजे .६७३. गुणिले १६२: १०९ विजय. आले १०८. तेव्हा एकूण निकालात नशिबाचा हात नाही.

नशीब आहे ते क्रमात. .६६७ दर्जाच्या संघाने ४० सामन्यांत २६-२७ जिंकावेत आणि त्यात तीनेक विजयांचं इकडे-तिकडे होणं स्वाभाविक. २० म्हणजे दोन पावलं खाली: विरळ, पण अशक्य नाही. पुढच्या १२२ सामन्यांत अपेक्षा ८१ ची, जिंकले ८८. ‘मे महिन्यात काय बदललं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘फारसं काही नाही’ असंच आहे, पण त्यावर कुणी लेख लिहीत नाही.

रन दिलेल्यांचा आकडा जुळत नसेल तर फील्डिंगही तपासा. बेंच, मॉर्गन, कन्सेप्सियॉन, जेरोनिमो हे मधल्या रेषेतले चौघेही त्या वर्षी गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचा पुरस्कार) विजेते. संघ सलग १५ सामने एकही एरर न करता खेळला होता. मॉर्गनला विश्रांती देऊन डग फ्लिनला वारंवार खेळवलंत तर दोन्हीकडून बुडाल.

स्कोअरशीट

सर्वांचे आभार. बुलपेनची बेरीज केली, ३०० च्या खालीच निघाली. गलेटही पूर्ण सीझन खेळतोय. दोन्ही सुधारतो. शेवटचं एक: प्लेऑफ आणि वर्ल्ड सिरीजसाठी हेच नियम ठेवू का?

बुलपेन_फोन

प्लेऑफमध्ये पिट्सबर्गविरुद्ध हेच ठेवा, ती सिरीज ३-० ने सरळ संपली. दुसऱ्या सामन्यात रेड्सनी सात बेस चोरले, तेव्हा तिथे लगाम सैल सोडायला हरकत नाही.

बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध दोन गोष्टी जपा. १९७५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डीएच नव्हता, तो १९७६ पासून आला. रेड सॉक्सच्या कार्डांवर डीएच छापलेला असला तरी बंद करा, त्यांच्या पिचरला बॅट धरू द्या. दुसरं म्हणजे तारखा. पाचवा सामना १६ ऑक्टोबरला, पावसामुळे सहावा थेट २१ ला. ही विश्रांती घातली नाही, तर पहिला आणि चौथा सामना जिंकणारा त्यांचा पिचर लुईस टियांट सहाव्याला ताजा मिळत नाही.

हुक जास्त ओढला तर काय होतं ते याच सहाव्या सामन्यात दिसतं. नोलन दोन इनिंगनंतर बाहेर, मग नॉर्मन, बिलिंगहॅम, कॅरोल, बोरबोन. आठव्यात दोन आउट, दोन रनर, ६-३ ची आघाडी, आणि ईस्टविकच्या बॉलवर पिंच-हिटर बर्नी कार्बोचा तीन रनांचा होम रन. नवव्यात बेस भरलेले, आउट एकही नाही; मॅकेनेनीच्या बॉलवर फ्रेड लिनचा आखूड फ्लाय लेफ्टला फॉस्टरने पकडला आणि होम प्लेटवर बेंचकडे फेकून डेनी डॉयलला आउट केलं. पण तोवर हाताशी उरला डार्सी, आठवा पिचर. गलेट सातव्यासाठी राखलेला. डार्सीने दहावी आणि अकरावी काढली, बाराव्याच्या सुरुवातीलाच कार्लटन फिस्कने होम रन मारला. टेबलावर नवव्या इनिंगनंतर किमान दोन पिचर उरतील अशी अट घाला, नाहीतर एक्स्ट्रा इनिंगमध्ये हाच प्रकार वरचेवर होईल.