नांदूरमध्यमेश्वर पाहून झालं; आता गोदेच्या मुखाशी जावं का?

ब्रह्मगिरी: दर हिवाळ्यात नाशिकच्या पक्षीवाल्यांची गाडी नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जाते आणि तिथूनच वळते. ज्यांनी नांदूरमध्यमेश्वर भरपूर पाहिलंय, त्यांनी यंदाची रजा आणि पैसे राखून काकीनाड्याजवळच्या कोरिंगा अभयारण्यात जावं, असं माझं मत. त्र्यंबकला उगवलेली आपली गंगा 1465 किलोमीटर जाऊन तिकडे समुद्राला मिळते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमपासून तिचे फाटे सुरू होतात, त्यातल्या गौतमीच्या अंगाला हे खारफुटीचं जंगल. भरतीला मुळं पाण्यात, ओहोटीला चिखल उघडा, आणि त्या चिखलावर तुतवार, चिखले असे पक्षी. पाणमांजरं आहेत, मासे धरणारं रानमांजरही आहे (दिसेलच असं नाही).

निफाडची द्राक्षं: अहो, नदीनं आणलेला गाळच बघायचा तर आंध्रात कशाला? गोदावरी-कादवा संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचला, बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं म्हणून तर पक्षी आले. रोहित, क्रौंच, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, सगळे आमच्या बांधावरून दिसतात. 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तुमच्या त्या एका सहलीच्या खर्चात इथल्या गाईड पोरांना किती दिवस काम मिळेल, हिशेब करा.

ब्रह्मगिरी: गाईडचा मुद्दा मान्य. पण संगमावरची बेटं म्हणजे त्रिभुज प्रदेश नव्हे. तिकडे पाणी चंद्र हलवतो, इथे पाटबंधारे खातं.

मिसळ आधी: आमच्या ग्रुपमधले दोघं तयार होतील. बाकीच्यांना अकरापर्यंत घरी पोचायचं असतं.

सायखेडेकर: तुम्हा दोघांनाही गाळाचं फार कौतुक दिसतंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं, तेव्हा दुर्बिणवाले कुठे होते? गाळ काढा म्हटलं की पक्ष्यांचं नाव पुढे करतात. आधी माणसं, मग बदकं.

नदी सुरय: दादा, राग समजतो. पण पुराचं सगळं खापर गाळावर फोडू नका. गंगापूर आणि दारणा, दोन्हीकडून एकाच वेळी विसर्ग आला की खाली पाणी फुगणारच. सरसकट गाळ काढला तर पाणी खोल होईल. मग थापट्या आणि करकोचे उभे कुठे राहणार? बंधाऱ्याच्या तोंडाशी, मुख्य धारेत काढायला माझी हरकत नाही. तेही उन्हाळ्यात आंधळेपणानं नको. हिवाळी पाहुणे पक्षी गेलेले असले तरी टिटव्या आणि सुरय तेव्हाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात.

आणि ब्रह्मगिरी, कोरिंगाला जा, पण नुसती खंड्यांची यादी घेऊन येऊ नका. गाळ नांदूरला अडतो, मग जायकवाडीला, पुढे तेलंगणात श्रीरामसागर धरणाला. समुद्राशी नवी जमीन घडते ती याच गाळातून, आणि वरून तो कमी आला की लाटा किनारा खायला लागतात. सायखेडेकरांना जो गाळ डोईजड झालाय, तोच तिकडे कमी पडतो. हे पाहून आलेला माणूस इथे गाळावर जरा शहाण्यासारखं बोलेल, म्हणून माझं मत जाण्याच्या बाजूनं.

सायखेडेकर: ताई, आमचा गाळ ट्रकनं काकीनाड्याला पाठवायचा का मग? बंधाऱ्याच्या तोंडाशी काढायला हरकत नाही म्हणताय ना, तर तेवढ्याच मागणीच्या अर्जावर सही करा.

नदी सुरय: करते. बेटांना हात लावायचा नाही, हे त्यात लिहा.

सायखेडेकर: ग्रामस्थांना विचारून सांगतो.

ब्रह्मगिरी: जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. भरतीला गेलात तर चिखलावरचे पक्षी हुकतील. कोणी येतंय का?

निफाडची द्राक्षं: फेब्रुवारीत माल काढणीला येतो. आमचं काही खरं नाही.