घर विकलंत? कशाने भाव वाढला, कशाने पडला – अनुभव लिहा

घर विकण्याबद्दलचे सल्ले सगळीकडे मिळतात आणि सगळे सारखेच असतात: रंग काढा, पसारा आवरा, योग्य किंमत लावा. 'योग्य' म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. राहतं घर, आईवडिलांचं घर, गुंतवणूक म्हणून घेतलेलं घर, जे कोणतं विकलं असेल त्याबद्दल लिहा. रकमा नकोत, कारण वाचणारे वेगवेगळ्या देशांत आहेत. पण कशावर खर्च केलात, त्यातलं काय भावात उतरलं आणि गिऱ्हाईक कुठे अडलं, हे हवंय. विकत घेणाऱ्यांनीही लिहा, दारातून परत कशामुळे फिरलात ते.

सुरुवात मी करते. माझं मत असं झालंय की गिऱ्हाईक दोषाचे पैसे कापत नाही, शंकेचे कापतं. आमच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर ओलीचा डाग होता. आत नळाचा एक सांधा झिरपत होता, एवढंच. पण बघणाऱ्याला सांधा दिसत नाही, डाग दिसतो, आणि डाग बघून तो अख्ख्या घराचे पाइप सडलेत असं धरून हिशोब करतो. पहिल्या कुटुंबाने त्या डागापोटी जी रक्कम कमी करायला सांगितली, तिच्या अगदी लहानशा भागात काम झालं. भिंत फोडलेली असताना फोटो काढून ठेवले, प्लंबरचं बिल ठेवलं, आणि पुढच्या प्रत्येकाला ते आपणहून दाखवलं. त्यानंतर त्या भिंतीचा विषय कोणी काढला नाही.

*

शंकेच्या मुद्द्याला माझी पुस्ती. मी घरदुरुस्तीची कामं घेतो, त्यामुळे विकायच्या आधी लोक काय करून घेतात ते नेहमीच बघतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'तेवढी एक भिंत मारून द्या'. नका करू. एकाच भिंतीला ताजा रंग म्हणजे इथे काहीतरी झाकलंय अशी पाटीच. शिवाय आत ओल असेल तर वरचा रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, लोणा बाहेर येतो, आणि हे नेमकं दुसऱ्यांदा घर बघायला माणसं आली की दिसतं.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गच्ची, बाहेरच्या भिंतीची चीर, खिडकीची चौकट, न्हाणीघराच्या फरशीच्या फटी. ते बंद करा. मग भिंत पूर्ण वाळू द्या. घाई सगळे इथेच करतात. त्यानंतर खरवडणं, पुट्टी, प्रायमर, रंग. फिका रंग घ्या, पण अगदी पांढराफेक नको, त्यावर प्रत्येक डाग उठून दिसतो.

आणि एक. घर बघायला आलेल्यांचे हात काय करतात तिकडे लक्ष ठेवा. दार उघडतात, नळ सोडतात, दिव्याचं बटण दाबतात, खिडकी सरकवतात, कपाटाचा खण ओढतात. घासणारं दार, टपकणारी तोटी, सैल बटण, अडकणारा खण ही सगळी किरकोळ कामं आहेत. पण तीन गोष्टी हाताला खटकल्या की चौथी न बघताच वाईट ठरते.

*

दुरुस्तीचं पटतंय, नूतनीकरणाचं नाही. आमच्या थोरल्या दिरांनी विक्रीआधी अख्खं स्वयंपाकघर नवं केलं: ओटा, टाइल्स, कपाटं, सगळं. घर गेलं, बऱ्या भावात गेलं, पण खर्चाच्या निम्मंही वसूल झालं नसेल. ज्यांनी घेतलं त्यांनी ताबा मिळाल्यावर ते स्वयंपाकघर फोडलं, कारण त्यांना ओटा खिडकीखाली हवा होता. आम्ही आमचं विकताना जुनंच ठेवलं. बिजागऱ्या बदलल्या, चिकटपणा घासून काढला, ओट्यावर काहीही ठेवलं नाही. जे चालत नाही ते दुरुस्त करावं, आणि जे नुसतं आवडत नाही ते घेणाऱ्याच्या आवडीवर सोडावं, असं माझं मत. न्हाणीघराच्या बाबतीत कोणाचा अनुभव वेगळा असेल तर वाचायला आवडेल.

*

न्हाणीघरावरून आठवलं. वासाबद्दल कोणीच लिहिलेलं नाही! स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, नाक तो टिपायचं थांबतं. आमच्याकडे कुत्रा आहे आणि आम्हाला घर अगदी स्वच्छ वाटत होतं. एका स्पष्टवक्त्या मैत्रिणीला मुद्दाम बोलावलं आणि दारात उभी राहून काय जाणवतं ते सांग म्हटलं. तिने सांगितलं. मग पडदे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी धुतली, गालिचा सरळ काढून टाकला. जादा बाथरूममधून एक घाण वास यायचा, त्याचं कारण तर फारच साधं निघालं. वापर नसलेल्या मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते. अधूनमधून तांब्याभर पाणी ओतलं की झालं. सुगंधी फवारे मात्र मारू नका. दार उघडताच घमघमाट आला की माणूस आधी विचार करतो, हे कशासाठी?

राहत्या घरात लहान मुलं असताना घर दाखवणं ही वेगळीच शिक्षा आहे. प्रत्येक खोलीत झाकणाचा एक मोठा खोका ठेवला होता. फोन आला की सगळं खोक्यात, खोका गाडीत, मुलं मागच्या सीटवर. आवरण्यापेक्षा सामान घराबाहेर जाणं महत्त्वाचं, कारण लोक कपाटं उघडतात. गच्च भरलेलं कपाट म्हणजे या घरात जागा कमी पडते याचा मालकानेच दिलेला पुरावा.

*

फोटोंबद्दल थोडक्यात. दिवसाउजेडी काढा, तरी सगळे दिवे लावा, आणि सगळे बल्ब एकाच छटेचे असू द्या, नाहीतर एक खोली पिवळी आणि दुसरी निळी दिसते. कॅमेरा छातीच्या उंचीवर, उभ्या भिंती फोटोत उभ्याच हव्यात. फार रुंद लेन्सने खोली मैदानासारखी दिसते आणि प्रत्यक्ष आलेला माणूस उंबऱ्यातच हिरमुसतो. निराश झालेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, निघून जातं.

*

आता किमतीचं बोलू, कारण खरी मारामारी तिथे असते.

१९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये एक प्रयोग केला होता. एकच घर, माहितीही तीच, फक्त कागदावर छापलेली मागणीची किंमत वेगवेगळी. विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या एजंटांना घर फिरून बघायला लावलं आणि मोल विचारलं. ज्यांच्या कागदावर आकडा मोठा, त्यांचा अंदाजही मोठा. एजंटांचासुद्धा, आणि छापील किमतीचा आमच्यावर परिणाम झाला हे कबूल करायला त्यांच्यातले बहुतेक जण तयार नव्हते.

हे वाचून लोक चढी किंमत लावायला धावतात. पण त्या प्रयोगात माणसं घरापर्यंत आणलेली होती. खऱ्या बाजारात ती किंमत वाचूनच ठरवतात की यायचं की नाही. आज बहुतेक जण वेबसाइटवर वरची मर्यादा टाकून शोधतात, आणि ती मर्यादा गोल आकड्याची असते. तुमची मागणी त्या गोल आकड्याच्या जराशी वर असली तर तुम्ही त्यांना दिसतच नाही. आणि घर जास्त दिवस पडून राहिलं की 'एवढे दिवस कोणी का घेतलं नाही?' हा प्रश्न सुरू होतो. धागाकर्तीने म्हटलेली शंका तीच, फक्त भिंतीवर डाग नसताना आलेली. मग किंमत उतरवली तरी लोक आणखी उतरायची वाट बघतात.

मी शेजारच्या घरांच्या मागणीच्या किमती बघितल्याच नाहीत. खरोखर किती रकमेला व्यवहार झाले ते शोधलं, त्याच्या किंचित वर मागणी लावली, आणि पहिल्या काही आठवड्यांत फोन आले नाहीत तर लगेच एकदाच आणि ठसठशीत कमी करायची असं ठरवून ठेवलं. थेंबाथेंबाने उतरवण्यात काही अर्थ नाही.

आपण ते घर कितीला घेतलं होतं, हा आकडा मात्र डोक्यातून काढा. अवघड आहे, मान्य. जेनेसोव्ह आणि मेयर यांनी बोस्टनमधल्या १९९०च्या दशकातल्या विक्रीचा अभ्यास २००१ साली छापला. तोट्यात विकावं लागणारे मालक इतरांपेक्षा जास्त मागत होते. त्यांना थोडं जास्त मिळतही होतं, पण त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. ज्याला थांबायला वेळ आहे त्याला हे परवडेल.

*

मी काही वर्षं दलाली केली आहे, आता करत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. तुमच्या घराला थोडा जास्त भाव मिळाला तर तो जवळजवळ सगळा तुमचा. माझ्या वाट्याला त्यातला अगदी बारीक तुकडा येतो, आणि त्यासाठी मला आणखी कित्येक दिवस घर दाखवत फिरायचं असतं. म्हणून एजंटाला 'देऊन टाका, चांगली ऑफर आहे' म्हणायची घाई असते. लेव्हिट आणि सिव्हरसन यांनी २००८ साली अमेरिकेतल्या सुमारे एक लाख घरविक्रींवरून दाखवलं की एजंट स्वतःचं घर विकताना ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त मिळवतात.

म्हणून एजंट घेऊच नका असं नाही. चांगला एजंट उगाच बघायला येणारे दारातच गाळतो आणि तुमच्या तोंडून जे जाऊ नये ते जाऊ देत नाही. तीन जणांना बोलावलंत तर सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्यावर भाळू नका. काम हातात पडावं म्हणून आकडा फुगवणं ही जुनी रीत आहे. त्याला विचारा, अलीकडे विकलेल्या घरांची पहिली मागणी किती होती आणि शेवटी कितीला गेली. उत्तर द्यायला तो चाचरला तर समजा.

*

आम्ही आईचं घर विकलं, ती गेल्यानंतर. भावंडं चार, त्यातली दोन परदेशात. भिंतीच्या रंगाने आमचं काही अडलं नाही, कागदांनी अडलं. घेणाऱ्याच्या वकिलाने विचारलं, सगळ्या वारसांची संमती आहे का, कुलमुखत्यारपत्र कोणाकडे आहे, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद कुठे आहे. कर्ज आईने केव्हाच फेडलं होतं, पण नोंद तशीच राहिली होती. ती कमी करून आणेपर्यंत एक चांगलं गिऱ्हाईक कंटाळून गेलं. ज्यांच्यावर ही वेळ यायची आहे त्यांनी रंगाऱ्याला बोलावण्याआधी फाइल उघडावी. खरेदीखतातलं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजलेलं जुळतंय का तेही बघावं, नंतर केलेलं वाढीव बांधकाम परवानगीचं आहे का तेही.

भावंडांत किमान किंमत आधीच लिहून ठेवली होती, त्याचा मात्र फार उपयोग झाला. ऑफर आल्यावर चर्चा सुरू केली असती तर आजही चालू असती.

*

घेणाऱ्यांच्या बाजूने. कृपया आमच्या मागे मागे खोलीभर फिरू नका! मालक सोबत असला की आम्ही आपसांत बोलू शकत नाही, खिडकीपाशी उभं राहून इथे पलंग बसेल का हे मोजू शकत नाही. दोन घरं आम्ही केवळ मालकांच्या अखंड बोलण्यामुळे नीट बघितलीच नाहीत. जे शेवटी घेतलं, तिथल्या बाईंनी दारातच सांगितलं की मागच्या खोलीत संध्याकाळी रस्त्याचा आवाज येतो, खिडक्या लावून आणि उघडून दोन्ही बघा. आणि त्या खाली जाऊन बसल्या. आवाज होता. तरी त्यांनी सांगितलेल्या बाकी सगळ्यावर आमचा विश्वास बसला आणि आम्ही फारशी घासाघीस केली नाही.

*

दोन ऑफर आल्या तर मोठीच घ्यावी असं नाही. आमच्याकडे मोठ्या रकमेवाल्याचं कर्ज मंजूर व्हायचं होतं आणि त्याआधी त्याला स्वतःचं घर विकायचं होतं. दुसऱ्याची रक्कम थोडी कमी, पण बँकेचं मंजुरीपत्र हातात. आम्ही दुसऱ्याला 'हो' म्हणण्याआधी पहिल्याला विचारलं की तुमचं घर कुठवर आलंय. त्याने अजून जाहिरातही दिली नव्हती.

*

विसाराबद्दल दोघांनी विचारलंय, म्हणून धागाकर्ती म्हणून उत्तर देते. विसार घेताना कागदावर तारखा हव्यात: बाकी रक्कम कधी, खरेदीखत कधी, ताबा कधी. व्यवहार मोडला तर विसार कोणाला परत आणि किती, हेही त्याच कागदावर. घरासोबत काय राहणार ते नावानिशी लिहा. पंखे, पडद्यांचे दांडे, गीझर यांवरून शेवटच्या आठवड्यात झालेली भांडणं मला ठाऊक आहेत. आणि विसार हातात पडला तरी खरेदीखत होईपर्यंत दुसऱ्या इच्छुकांचे नंबर जपून ठेवा. कागद तुमच्या देशातल्या वकिलाकडून तपासून घ्या, ते काम धाग्यावर होणार नाही.

न्हाणीघरावर केलेला मोठा खर्च भावात उतरला, असा अनुभव अजून कोणी लिहिलेला नाही. असेल तर लिहा.