ॲसेटिक ॲसिडात कार्बोनेट विरघळतं, मग ऑक्झलेट का नाही?

निपाणी_सेकंड_पीयू:
दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं त्यामुळं लॅबमधलं इंग्लिश अजून नीट कळत नाही, इथं मराठीत कोणीतरी सांगा की. सॉल्ट ॲनालिसिसला (दिलेल्या क्षारात काय आहे ते ओळखायचं प्रॅक्टिकल) कॅल्शियम आला होता. कार्बोनेटचा पांढरा साका गरम ॲसेटिक ॲसिडात फसफसून विरघळला, मग त्यात अमोनिया आणि अमोनियम ऑक्झलेट घातलं तर परत पांढरा साका. हा दुसरा साका ॲसेटिक ॲसिडात हलवून हलवून हात दुखला तरी जाईना, आणि डायल्यूट एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) घातलं की गायब. केएसपी (साका पाण्यात किती विरघळतो ते सांगणारा आकडा) तर दोघांचे जवळपास सारखेच, 10 चा उणे 9 वा घात. मग असं का?

चिकोडीकर:
एचसीएल स्ट्राँग ॲसिड हाय, त्यात सगळं विरघळतंय.

खानापूर_केमिस्ट्री:
सगळं नाही ओ. सिल्व्हर क्लोराइड नायट्रिकमध्ये घालून बघा, तसंच बसतंय. ॲसिड किती स्ट्राँग ते नंतर, आधी सॉल्टमधला निगेटिव्ह आयन एच प्लसला (ॲसिडातून सुटणारा हायड्रोजन आयन) धरतो का ते बघायचं. क्लोराइड धरत नाही, कारण एचसीएल स्वतःच पाण्यात पूर्ण सुटतं. कार्बोनेट मात्र पटकन धरतं, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन टेस्ट ट्यूबबाहेरच जातो, मग कार्बोनेट कमी पडतं म्हणून साका आणखी सुटतो, असं संपेपर्यंत चालतं. ऑक्झलेटचं तसं नाही बाळ, त्याचा गॅस होत नाही, पाण्यातच राहतो, आणि एच प्लसवरची त्याची पकडही कार्बोनेटपेक्षा खूप ढिली. साध्या पाण्यात कॅल्शियम ऑक्झलेट लिटरला 6-7 मिलीग्रॅम विरघळतं, ॲसेटिक ॲसिडात हिशोब केला तर फार तर नऊ-दहापट, म्हणजे डोळ्याला काहीच फरक नाही. एक मोलर एचसीएलमध्ये तेच 3-4 ग्रॅमपर्यंत जातं, कारण एवढ्या एच प्लसपुढं ऑक्झलेट मोकळा उरतच नाही. अमोनिया घालायला सांगतात तेही त्यासाठीच, ॲसिड मारलं की ऑक्झलेट मोकळा राहतो आणि साका पूर्ण पडतो. ती स्टेप कधी सोडू नको.

निपाणी_सेकंड_पीयू:
आत्ता कळलं सर! अमोनिया नुसतं पाठ करत होतो. आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतोय, तो व्हिनेगरनं जाईल काय?

खानापूर_केमिस्ट्री:
कार्बोनेटचा असेल तर जाईल, थोडा खरवडून त्यावर व्हिनेगर टाक, बुडबुडे आले की समज. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) असेल तर बुडबुडे नाहीत आणि थर तसाच, सल्फेट व्हिनेगरमधल्या एच प्लसला दाद देत नाही.

चिकोडीकर:
बरोबर हाय सर, माझं चुकलं. बेरियम सल्फेट एचसीएलमध्ये जात नाही तेही ह्याच्यामुळंच की.